बाहेरून लागलेली कडी

मित्रांनो, दार उघडताना तुम्ही दाराकडे बघता, माझ्याकडे कुणी बघत नाही. मी एक जुनी पितळी कडी आहे. मधोमध झिजलेली, तोंडाने जराशी फटकळ. पण ऐकाल तर माझी कहाणी पुष्कळ काही सांगेल.

एका लहानशा कारखान्यात मला ओतलं, कानशीने घासलं. मग एका सुताराने मला एका खोलीच्या दाराला आतल्या बाजूने बसवलं. ती खोली शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. घरी येणारे सगळे त्यांना आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणते. कुणी माप द्यायला आलं, की आई मला सरकवायच्या. मी खट्कन बसले, की गिऱ्हाईक निर्धास्त हात पसरून उभं राहायचं. मशीनला तेल घालताना आई एक थेंब मलाही द्यायच्या. "हिच्या भरवशावर माझा धंदा चालतो," असं त्या एकदा म्हणाल्या. त्या दिवशी मी काय फुगले होते, म्हणून सांगू!

मग कुठेतरी टाका चुकायला लागला. आधी बाही उलटी लागली. नंतर एकाच झग्याला दोन गळे कापले गेले आणि आई स्वतःच हसल्या. पुढे हसणंही थांबलं. गॅस चालू ठेवून त्या बाहेर पडू लागल्या. ओळखीची गल्ली त्यांना परकी वाटू लागली.

आईंना एकच लेक. ती आरोग्य खात्यात नोकरीला होती. कुठे दवाखाना काढायचा, कुठे किती खाटा द्यायच्या, हे ठरवणं तिचं काम. आणि त्या सुमारास तिच्याकडे कोणतं काम यावं? म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतिभ्रंशासाठी सेवांचा आराखडा! दिवसभर सांभाळणारी केंद्रं, घरी येणाऱ्या नर्स, सगळं त्यात होतं. घरी मात्र आईंना सांभाळायला दिवसा कुणीच नव्हतं.

एके दिवशी सुतार पुन्हा आला.

"काका, ही कडी काढून बाहेरून लावा," लेक म्हणाली.

"बाहेरून? खोलीत कोण असतं?"

"आई. आतून कडी लावून घेते, मग तिला काढता येत नाही. आणि मी कामावर गेल्यावर..."

सुताराने माझे स्क्रू काढले आणि मला दाराच्या दुसऱ्या अंगाला बसवलं. आत राहिली नुसती भोकं.

तेव्हापासून मला आई दिसेनाशा झाल्या, फक्त ऐकू यायच्या. लेक गेली, की त्या दाराशी येत आणि त्या भोकांवरून बोट फिरवत. काजात बटण घालताना फिरायचं, अगदी तसंच; फळीतून मला ते जाणवायचं. "कुठे गेली गं ही?" असं मलाच विचारत. मी एका फळीपलीकडे होते, मित्रांनो. मला फार रडू यायचं.

शेजारीपाजारी विचारत, तेव्हा लेक सांगे, "आई गावाला गेलीय." दवाखान्यात तिने आईंना कधी नेलंच नाही. तिथे सगळे तिला ओळखत. खात्यात बोभाटा होईल, याची तिला धास्ती होती.

माझ्यासमोरच्या टेबलावर बसून ती आराखडा करायची. एकदा तिच्या साहेबांचा फोन आला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"अहो, दवाखान्यात या आजाराचे पेशंट येतात कुठे? आपल्याकडे जेवढे येतात, तेवढ्यांचीच सोय होते. मागणीच नाही, तर केंद्रं कुणासाठी काढायची?"

"सर, लोक घरात लपवतात."

"कशावरून म्हणता?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अंदाज आहे, सर."

आराखड्याच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी ती सकाळीच गेली. दुपारी आई दाराशी आल्या. "काढ गं," त्या म्हणाल्या. मग दार ओढू लागल्या, जीव खाऊन ओढू लागल्या. मी जागची हलले नाही. मजबूत म्हणूनच मला घेतलं होतं ना! मग धाडकन आवाज झाला. त्यानंतर कितीतरी वेळ त्या कण्हत होत्या. लेक परतली तेव्हा उजेड जात आला होता. बैठकीत आराखड्यातली केंद्रं कापली गेली होती, आणि इथे आईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

आई आता चालत नाहीत. त्यामुळे माझी गरज उरली नाही.

हाडासाठी आईंना दवाखान्यात न्यावंच लागलं आणि गोष्ट खात्यात पोचली. साहेब भेटायला आले, तेव्हा दाराशीच थबकले. त्यांनी मला बोटाने पुढे सरकवलं, मागे सरकवलं.

"आमच्याकडे कुलूप आहे," ते हळूच म्हणाले. "वडिलांच्या खोलीला."

लेकीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. "मग मागणी नाही, असं कसं म्हणालात, सर?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

आत आई चादरीवरून बोट फिरवत होत्या.

आता खात्याने घरोघर जाऊन अशा आजाऱ्यांची नोंद करायचं ठरवलंय म्हणे. पहिलं नाव लेकीने आईंचंच दिलं. केंद्र मात्र अजून झालेलं नाही. झालं तरी आईंना त्याचा उपयोग नाही.

मित्रांनो, तुमच्या शेजारचे कुणी आजी-आजोबा गावाला गेले असतील आणि परतच येत नसतील, तर एकदा दार वाजवा. आजाराची लाज बाळगू नका. उद्या मोठे होऊन असे आराखडे करायला बसलात, तर दवाखान्यात न आलेल्यांचीही चौकशी करा. मी कडी आहे. त्या दुपारी आई एवढ्या विनवत होत्या, पण मला आपणहून सरकता येत नाही. त्याला बाहेरून कुणाचा तरी हात लागतो.