नव्या कानाची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. पण माझा कान नवा आहे. हसू नका, सगळं सांगते.

घराच्या गच्चीवर टीव्हीची छत्री असते ना, तिची मी थोरली बहीण. माझ्या वाटीत शाळेचा एक अख्खा वर्ग मावेल. मंगोल लोकांच्या या गवताळ माळावर आम्ही चाळीस जणी उभ्या आहोत. आम्ही रेडिओ दुर्बिणी, आम्हाला दिसत काही नाही. आम्ही आभाळ ऐकतो, आणि चाळीस जणींनी मिळून ऐकलं की त्याचं चित्र बनतं.

उभी केली तेव्हा माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले, फोटो निघाले. मग पंचवीस वर्षं ऊन, बर्फ आणि धूळ. रंग उडाला, बोल्ट गंजले. माझा जुना कान, म्हणजे लहरी पकडणारं यंत्र, आभाळाची एक बारीकशी पट्टी तेवढी ऐकायचा. विहिरीतल्या बेडकाला आभाळ दिसतं, तेवढीच. बाकीच्या आभाळात काय चाललंय, या विचाराने मला चैन पडायचं नाही.

एके दिवशी शहरातून साहेब आले आणि म्हणाले, "हे भंगारात काढा, नवं उभारू."

आमच्या मुख्य इंजिनीअर तेंगबाई एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ताडकन म्हणाल्या, "सांगाडा खणखणीत आहे. कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही घरातल्या म्हाताऱ्याला भंगारात काढता का? कान बदला!"

साहेबांनी कागदावर सही केली. क्रेन आली. माझे गंजलेले बोल्ट सुटेनात, तर बाईंनी त्यांना तेल पाजलं आणि दोन दिवस थांबल्या, पण हातोडा घालू दिला नाही. जुना कान उतरला, नवा बसला. तो एका पोलादी डब्यात असतो, आणि हिवाळ्यातला आमचा माळही त्या डब्यापुढे उबदार वाटावा इतका तो थंड ठेवतात.

मित्रांनो, नवा कान सुरू झाला त्या दिवसाचं काय सांगू! चहूकडून आवाज. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला वायूचा हुंकार, मरून गेलेल्या ताऱ्यांची टकटक. कुठे लक्ष द्यावं तेच कळेना.

त्यातच एक आवाज रोज पहाटे यायचा. कडकड, कडकड, अर्धा तास, की गप्प. हा कोण बाई? मी हैराण. तिकडे खोलीत जिन नावाचा तरुण खगोलशास्त्रज्ञ तर खुर्चीतून उडालाच.

"तेंगबाई, हा रोज थोडा लवकर येतोय! तारेसुद्धा रोज चार मिनिटं आधी उगवतात. काहीतरी नवीन सापडलंय!"

"चार मिनिटं मोजलीस?"

"कधी दोन, कधी पाच. धरून चाला चार."

"धरून चालायला ही काय भाजी आहे? महिनाभर मोज."

जिनने मोजलं. मधे एका पहाटे पिवळी धूळ उठली आणि समोरचं दिसेना. आमच्या कानाला धुळीची अडचण नसते, तारे नेहमीसारखे ऐकू येत होते. तो आवाज मात्र आलाच नाही.

बाई म्हणाल्या, "धुळीला घाबरून घरी बसणारा तारा मी पाहिलेला नाही. तुझी मोजणी रोज दोन मिनिटांची निघाली; या दिवसांत सूर्यही रोज तेवढाच लवकर उगवतो, म्हणजे हा सूर्याबरोबर निघतो. जिन, हे माणूस आहे."

ते माणूस म्हणजे सोलोंगो. आमच्या पायथ्याशी तिच्या गाई चरतात. नवरा मेंढरं घेऊन लांबच्या कुरणावर असतो. माळापलीकडे तिचे आंधळे वडील एकटे राहतात आणि आपला तंबू सोडायला तयार नाहीत. उजाडलं की ती मोटरसायकलवरून त्यांना चहा-खाणं देऊन येते आणि धारा काढायला बसते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी उडते, आणि आमच्या कानाशी प्रत्येक ठिणगी म्हणजे फटाका.

दोघं तिच्या तंबूत गेले. तिने खारा दुधाचा चहा ओतला, सगळं ऐकून घेतलं.

"मग तुमच्या यंत्राला सांगा ना, सकाळी कान झाकून घे."

"ताऱ्यांपलीकडच्या वायूच्या ज्या ढगाच्या मागावर आम्ही आहोत, सोलोंगोताई, तो आणखी दोन महिने नेमका पहाटेच डोक्यावर असतो," तेंगबाई म्हणाल्या. "आमची डिझेलची जीप चालेल, तिच्यात ठिणगी उडत नाही, पण ती तुमच्या वाटेवरच्या वाळूत रुतते."

"म्हणजे माझे आबा आणि तुमचा ढग, दोघांना एकच वेळ!" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "घोड्यावरून जाऊन यायला तीन तास. इथे गाई हंबरतील, त्यांचं काय? आणि आबांना उपाशी तर ठेवणार नाही मी."

तेंगबाईंनी बाह्या सरसावल्या. "धारा मी काढते. शिकवा."

"तुम्ही? गाय लाथ घालेल!"

"घालू दे. जिनलाही घालू दे, त्याने तारा म्हटलं होतं."

पहिल्याच दिवशी जिनने लाथ खाल्ली. चौथ्या दिवशी अर्धी बादली भरली. दोन महिने सोलोंगो घोड्यावरून गेली आणि हे दोघं धारा काढून धावत कामावर आले. एकदा ती परतली तेव्हा तिचे पाय इतके आखडले होते की उतरवून घ्यावं लागलं. मला फार वाईट वाटलं. चुगली माझ्याच कानाने केली होती.

तो ढग आम्हाला सापडला. पहिले तारे पेटण्याआधीचा, अगदी क्षीण. पुन्हा पाहुणे आले, पुन्हा फोटो निघाले. भिंतीवर आमच्या नोंदीचा लांबलचक कागद लावला होता. सगळे ढगाच्या खुणेवर बोट ठेवत होते.

तेंगबाईंनी सोलोंगोला कागदाजवळ नेलं आणि खुणेच्या भोवती जिथे काहीच नव्हतं, अशा पांढऱ्या पट्ट्यावर तिचं बोट ठेवलं. "ही पहाटेची वेळ. इथे तुम्ही आहात."

सोलोंगोने त्या कोऱ्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं.

मित्रांनो, मला तेल द्या, रंग द्या, माझे बोल्ट जपा, एवढं मागणं आहेच. पण तुम्हाला कधी शांतपणे काही ऐकायला मिळालं, तर ती शांतता कोण राखतंय हे आधी विचारा. आणि जमलं तर त्याच्या गाईची धार काढा.