खताच्या दुकानातले दात

मित्रांनो, मी एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड आहे. वय वर्षं तीन. हसू नका, आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवशी हजारो भावंडं जन्मली, त्यामुळे बारसं मशीननेच उरकलं. मी नेर गावच्या क्षितिजच्या वाट्याला आलो. क्षितिज पुण्याच्या कंपनीत नोकरी करतो, पण नेरमध्ये घरी बसून. कंपनी दर महिन्याला त्याच्या पगारातले थोडे पैसे कापून माझ्यात टाकते. त्यावर कर लागत नाही. मात्र माझ्या पोटात दोन कप्पे आहेत. एक औषधपाण्याचा, दुसरा ऑफिसला जाण्यायेण्याचा. एकातलं दुसऱ्यात जात नाही, आणि एकतीस मार्चला जे उरेल ते कंपनी परत घेते.

क्षितिजचा ऑफिसचा प्रवास पलंगापासून खुर्चीपर्यंत. तेवढ्यासाठीही मी पेट्रोल द्यायला तयार होतो. कोणी मागितलं नाही. मी पाकिटात लाँड्रीच्या पावतीशेजारी पडून राहिलो. पोटात पैसा आणि काम शून्य! फार चिडचिड व्हायची.

यंदा मार्च संपताना कंपनीचा इशारा आला, तेव्हा क्षितिजला मी आठवलो. घरात आजारी कोण, म्हणून त्याने शोध घेतला. समोर त्याचे बाबा श्रीकृष्णराव दुधात भाकर कुस्करत होते. तोंडात एकही दात नाही. वर्षभर ते असंच जेवत होते.

"बाबा, कवळी बसवू," क्षितिज म्हणाला.

"आज सुचलं तुले?" श्रीकृष्णराव म्हणाले.

माप दिलं. एकतीस तारखेला कवळी तयार झाली. दाताच्या डॉक्टर प्राचीताईंनी मला मशीनमध्ये घातलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागणार होतो. आणि मशीनने मला नाकारलं! पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. क्षितिजच्या मोबाइलवर निरोप आला: हे कार्ड खते व बियाण्यांच्या दुकानात चालत नाही.

क्षितिजने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "सर, पण तुम्ही खताच्या दुकानातून दात का घेताय?"

"मॅडम, मी दवाखान्यात उभा आहे!"

"सर, आमच्याकडे तुम्ही खताच्या दुकानात दिसताय."

प्राचीताईंचा चेहरा हळूहळू बदलला. "अगं बाई! बँकवाल्याने माझी आणि आयुषची मशीन एकाच दिवशी आणली होती. त्याची निळी होती. दवाखान्याला निळी शोभते म्हणून मी ती ठेवून घेतली."

आयुष म्हणजे त्यांचा भाऊ. मागच्या गल्लीत त्याचं कृषी केंद्र आहे. दोघं भाऊबहीण दर रविवारी एकमेकांचे पैसे चुकते करत आणि मशिनी तशाच ठेवत. थोडक्यात, बँकेच्या हिशेबी तालुक्यातले शेतकरी वर्षभर दाताच्या दवाखान्यातून युरिया नेत होते.

मग आमची वरात कृषी केंद्रात गेली. पुढे श्रीकृष्णराव, मागे डबीत कवळी घेऊन प्राचीताई.

"या काका, काय देऊ?" आयुष म्हणाला.

"दात दे."

रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "काहून हो, आता दातही ब्लॅकनं भेटून राह्यले का?"

आयुषच्या मशीनमध्ये मी गेलो आणि पहिल्या फटक्यात चाललो. पावतीवर दवाखान्याचं नाव छापून आलं. प्राचीताईंनी तिथेच, युरियाच्या पोत्यावर बसवून, श्रीकृष्णरावांना कवळी घातली. आयुषने डब्यातली कडक भाकर पुढे केली. कुर्रर्र! श्रीकृष्णरावांनी भाकर संपवली, डोळे पुसले आणि दुसरी मागितली.

प्रवासाचा कप्पा त्याच रात्री भरलेलाच कंपनीला परत गेला. त्याबद्दलची माझी चिडचिड अजून आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं कार्ड तुमच्या घरी असेल तर त्याला पाकिटात कुजवू नका. आणि बाबांना काय हवं ते एप्रिलमध्येच विचारा. ते "काही नको" म्हणतील. तेव्हा त्यांच्या ताटात काय आहे, ते एकदा वाकून बघा.