काळ्या गालाची मेंढपाळीण

माझ्या दादाला भट्टीत विसरलं कोण?

मी हे चिमट्याला विचारलं, कुंचल्याला विचारलं, खुद्द भट्टीलाही विचारलं.

मी तपकिरीचा बुधला. तांब्याचा, अंगठ्यापेक्षा जरा मोठा. दादाही तसाच. ग्वांगझूच्या लुओ हानशेंगने आम्हाला एकाच पत्र्यातून घडवलं, वर मीन्याचा, काचेसारखा पांढरा थर भाजला आणि समुद्रापारच्या एका चित्रावरून दादाच्या पोटावर मेंढपाळ काढला, माझ्या पोटावर मेंढपाळीण. मेंढी एकच होती, ती मला मिळाली. दादा आठवडाभर रुसला होता.

बादशहासाठी कारागीर निवडणाऱ्या शू साहेबाला आमचं काम पसंत पडलं तर हानशेंगला बीजिंगला, बादशहाच्या कारखान्यात धाडणार होते. परत कधी सोडतील, ते कुणी सांगत नव्हतं. त्याच्या बायकोला, पेइलानला, पाचवा महिना लागलेला. आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

"मग वाईट काढा ना!" पेइलान म्हणाली.

"तोच प्रयत्न चाललाय."

"हा प्रयत्न? मेंढीच्या पापण्या मोजता येतायत! एक काम धड बिघडवता येत नाही तुम्हाला."

"हात ऐकत नाही गं."

तिने समोरचं विलायती चित्र उचललं. "ही बघा, अर्धा गाल काळा. तोंडसुद्धा न धुता उभी राहिलीय बया. तश्शीच काढा. साहेबाला शिसारी येईल."

हानशेंगने आमच्या दोन्ही चित्रांचे गाल काळवंडले. दादा मला म्हणाला, "तुझी बाई चूल फुंकून आली वाटतं!"

ते त्याचं शेवटचं बोलणं. आम्ही दोघं भट्टीत गेलो, मी बाहेर आलो. दादाच्या अंगावर फोड आले, मेंढपाळ ओघळून पायाशी जमला.

"तू सांगणार होतीस, वेळ झाली म्हणून."

"चिमटा तुमच्या हातात होता!"

मी अजून ऐकतोय, कुणी पुढे काही बोलेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी शू साहेब आला. तपकिरीने त्याच्या मिशा पिवळ्या पडल्या होत्या.

"एकच?"

"दुसरा जळाला, साहेब."

त्याने माझ्यात आपली तपकीर भरली, चिमूटभर ओढली, तीनदा शिंकला आणि डोळे पुसत मला उजेडात धरलं. आता शिव्या देणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"अरे वा! सावली! हुबेहूब विलायती चित्रांसारखी! बाकीचे गालांना नुसतं पीठ थापतात. तुला कुणी शिकवलं रे?"

हानशेंगला बायकोचं नाव सांगता येईना. पेइलान चहा ओतत होती. पेला भरला, तरी ती ओततच राहिली.

"उद्या सामान बांध," साहेब म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मलाही बीजिंग बघायचं होतं. बादशहाच्या हातात मिरवायचं होतं. पण त्या भट्टीने मलाही सोडलं नव्हतं. माझ्या रंगाने तांब्याला नीट धरलंच नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं. तीन दिवस मी सगळा जोर लावून तो सावरून ठेवला होता. आता हानशेंग स्वतःच्या हातांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याचे आहेत. मला ते बघवेना.

साहेबाने माझ्यावरून अंगठा फिरवला. मी बाईचा गाल सैल सोडला. टक्.

"हे काय? टवका उडाला?"

पेइलानने किटली खाली ठेवली.

"रंग टिकत नाही की काय याचा? दरबारात असं झालं तर नाक माझं कापलं जाईल! आणखी एक टवका निघू दे, यादीतून नावच खोडतो याचं."

त्याने बाईच्या झग्यावर नख टेकवलं. ते नीट टेकायच्या आतच मी झगा, झाडं, आभाळ, सगळं अंगावरून सोडून दिलं.