मालकांचा डावा पाय

नाकावर रबराचं लांब बाकदार नाक, डोक्यावर काळा रुमाल आणि बगलेत खराटा, अशा सोंगात नाझ्झारेना गोदामातल्या खोक्यांवर वाकून शिव्या घालत होती. सहा जानेवारीचा दिवस. खाली चर्चच्या हॉलमध्ये गावातली चाळीस पोरं खाऊ वाटणाऱ्या बेफाना म्हातारीची वाट बघत किंचाळत होती आणि म्हातारीचा खाऊचा झोळाच सापडत नव्हता.

"प्रीमो! झोळा कुठे कोंबलायस?"

"नाकाखाली बघ तुझ्या. आज चांगलं लांबलचक आहे," दारातून प्रीमो म्हणाला. प्रीमो म्हणजे बुटांचे साचे करणारा म्हातारा. चाळीस वर्षं तो नाझ्झारेनाच्या शेजारच्या बाकावर बसत आला होता आणि चाळीस वर्षं तिच्या शिव्या खात आला होता.

तिने कोपऱ्यातला कापडी फलक ओढला. फलकावर मालकांचा हसरा फोटो. त्याच्याखाली एक खोकं होतं. लाल सुतळी, सुतळीला तिचीच गाठ, आणि झाकणावर तिच्याच हातचं अक्षर: 'मादागास्कर. चौदा जोड. सांभाळून न्या.'

नाझ्झारेनाने गाठ सोडली. वरच्या छपराचं पाणी थेट खोक्यात ठिबकलं होतं. चामड्यावर हिरवी बुरशी, तळ सुटून जिभेसारखे लोंबत होते. सगळ्यात वर एक काळा जोड, त्यातल्या उजव्याचा तळ चार बोटं जाड. तो लालाओ नावाच्या पोरीचा.

"हे तर ऑक्टोबरात गेले ना?" प्रीमो जवळ आला. "मालकांनी स्वतः नेले. आपल्याला फोटो दाखवले की."

"फोटोत पोरांच्या पायात काय होतं?"

प्रीमोने डोकं खाजवलं. "पांढरे खेळाचे बूट. वर त्यांच्या भाच्याच्या दुकानाचं नाव... अगं आई गं."

"सामानात जागा कमी पडली असेल," नाझ्झारेना म्हणाली. "भाच्याचे बूट, फलक आणि मालकांचे सूट. मग आमचे काळे, ओबडधोबड जोड कशाला? फोटोत शोभत नाहीत."

समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्या डोंगरी गावात बूट शिवत नाही असं घर नव्हतं. ओत्तोरीनो मालकांचा कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मालकच म्हणायचे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या नऊ जणांनी 'पाऊल मंडळ' काढलं, तेव्हा अध्यक्ष कोण हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मादागास्करमधल्या एका शाळेत अधू पोरं शिकायची. कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाचा पाय आखूड. दुकानातला बूट त्यांच्या कामाचा नाही. तिथल्या सिस्टर ओनोरीन दर वर्षी प्रत्येकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं माप काढायच्या, ती मापं इकडे यायची आणि ही नऊ म्हातारी माणसं त्यावर बूट शिवायची. नाझ्झारेनाने पोरांचे चेहरे कधी पाहिले नव्हते. पण सहा वर्षांच्या लालाओचा पाय बारा वर्षांचा होताना तिने कागदावर बघितला होता. कुठल्या वर्षी अंगठा लांबला, कुठल्या वर्षी टाच रुंदावली, सगळं तिला तोंडपाठ.

"आत्ता खाली जाऊन सगळ्यांना सांग," प्रीमो म्हणाला. "सगळ्या गावासमोर नागडा कर त्याला."

"मग तो काय करेल, माहितेय? छातीवर हात ठेवेल, डोळ्यांत पाणी आणेल आणि माफी मागेल. फार सुरेख मागतो तो माफी. लोक टाळ्या वाजवतील. चुन्याची खिडकीसुद्धा तशीच माफी मागून बंद ठेवली होती ना त्याने."

त्या खिडकीची गोष्ट प्रीमोला ठाऊक होती. नाझ्झारेनाने एकतीस वर्षं त्या कारखान्यात वरचं चामडं चिकटवलं. स्वस्तातला गोंद, आणि बाहेरच्या चुनाभट्टीची धूळ चामड्यावर बसते म्हणून खिडकी बंद. गोंदाच्या कोंडलेल्या वाफेने बायकांना चक्कर यायची. तिच्या पायाची बोटं एकेक करून मेली. कारखान्याचा डॉक्टर म्हणायचा, "बाईमाणसाच्या नसा नाजूक असतात." अजूनही ती बदकासारखी चालायची आणि फरशी थंड आहे की गरम, हे तिला हात लावून बघावं लागायचं.

"त्याला माफी मागायला मिळू द्यायची नाही," ती म्हणाली. झोळा सापडला. ती खाली गेली आणि त्या दिवशी अशी भयंकर बेफाना झाली की पुढच्या रांगेतली दोन पोरं भोकाड पसरून आयांच्या कुशीत शिरली.

मालक पायात फक्त हाताने शिवलेले बूट घालायचे. तपकिरी, दोन जोड, दोन्ही प्रीमोच्या साच्यावरचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मंडळाच्या खोलीत यायचे, बाकावर बसून सगळ्यांना कामाला लावायचे आणि दोन्ही जोड पॉलिशला ठेवून सपाता घालून घरी जायचे. हे फुकटच असायचं. मालकच ते.

पुढच्या सोमवारी नाझ्झारेनाने दोन्ही डाव्या बुटांचं आतलं अस्तर अलगद उचललं, टाचेखाली चामड्याचा एक तुकडा ठेवला, नखाएवढा जाड, कडा रापीने कागदासारख्या पातळ केलेल्या, आणि अस्तर परत चिकटवलं. प्रीमो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"हे काय?"

"एक मिलिमीटर."

"एका मिलिमीटरने काय होणार?"

"काही नाही. फेब्रुवारीत दुसरा. मार्चमध्ये तिसरा." ती बुटावर फुंकर मारत गालातल्या गालात हसली. "बुटात खडा गेला तर माणूस बोंबलतो. पाय रोज थोडा थोडा वाकडा पडला तर त्याला वाटतं, आपणच वाकडे झालो."

"नाझ्झा, तू नरकात जाशील."

"जाईन की. पण तिथे हा माझ्याआधी पोचायला हवा, आणि लंगडत."

एप्रिलमध्ये चौथा थर पडला आणि त्याच आठवड्यात सिस्टरचं पत्र आलं. एरवी पत्रं मालकांकडे जायची. या खेपेला नाझ्झारेनाने जानेवारीतच स्वतः लिहून आपला पत्ता कळवला होता. पाकिटात तेरा मापं होती. खाली लिहिलं होतं: 'गेल्या वर्षी बूट आले नाहीत. तुमची काही अडचण असणारच, आमची तक्रार नाही. लालाओचं माप पाठवता येत नाही. जुना बूट तिला होत नाही, आणि घरापासून शाळा तीन किलोमीटर. पावसाळ्यापासून ती आलेली नाही.'

नाझ्झारेनाने पत्र दोनदा वाचलं. शिव्या असत्या तर परवडल्या असत्या. ते 'आमची तक्रार नाही' मात्र तिला पचेना.

मग तिने जुने सात कागद टेबलावर एकावर एक ठेवले आणि आठवा स्वतः काढला. दर वर्षी किती वाढला, कुठे वाढला, यावरून अंदाजाने. प्रीमो म्हणाला, "न बघता, न मोजता?" ती म्हणाली, "तुझी बायको डोळे मिटून तुझं तोंड ओळखेल की नाही? गप साचा कर."

तो जोड तिने एकटीने शिवला. कुणाला टाका घालू दिला नाही.

जूनमध्ये गावच्या मिरवणुकीत मालक संताच्या मूर्तीमागे चालत होते. डाव्या पायाशी खांदा वर, उजव्या पायाशी खाली. मागून बघणाऱ्यांना वाटलं, बँडच्या तालावर चाललेत. जुलैमध्ये हातात काठी आली. ऑगस्टमध्ये शहरातल्या मोठ्या डॉक्टरने त्यांना पलंगावर झोपवून दोन्ही पाय फितीने मोजले. अगदी सारखे. "वयोमान," डॉक्टर म्हणाला, "आणि थोड्या नसा नाजूक."

हे प्रीमोने येऊन सांगितलं, तेव्हा नाझ्झारेना इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. हसता हसता तिने डोळे पुसले.

सप्टेंबरच्या सोमवारी मालक एकटेच आले. दार लावून घेतलं.

"नाझ्झा, तू तोंड बंद ठेवशील ना?"

"एकतीस वर्षं ठेवलंच की, मालक."

"माझ्या पायाला काहीतरी झालंय. बाहेर चाललो की उजवीकडे कलतो. घरात अनवाणी चाललो की डावीकडे. कंबर मोडलीय. मी जिने चढत नाही आताशा, खालीच झोपतो. क्लबात गेलो नाही महिनाभर. लोक बघतात गं."

"बूट काढा."

तिने जमिनीवर कागद पसरला, त्यांना उभं केलं आणि गुडघे टेकून पेन्सिलीनं पाय आखला. नव्वद किलोंचा माणूस तिच्या खांद्याला धरून लहान पोरासारखा उभा. ती मुद्दाम हळूहळू आखत होती.

"डावा वाढतोय," ती शेवटी म्हणाली.

"अगं, बाहत्तराव्या वर्षी?"

"नाक वाढतं, कान वाढतात. पायाने काय पाप केलंय?"

"पण डॉक्टर..."

"डॉक्टरने कधी बूट शिवलाय?" ती उठली. "औषध एकच. चालायचं. सपाटीवर नाही, चढावर, मातीच्या रस्त्यावर. निदान तीन किलोमीटर, तेही ओझं घेऊन."

मालक हताश झाले. "असा रस्ता इथे कुठेय?"

"ऑक्टोबरात तुम्ही जाताय तिथे आहे. शाळेपासून एका मुलीच्या घरापर्यंत." तिने लालाओचे नवे बूट त्यांच्यासमोर ठेवले. "हे घेऊन चालत जायचं, तिच्या पायात घालायचे आणि चालत परत यायचं. गाडी घेतलीत तर गुण येणार नाही. बाकीचे तेरा जोड सिस्टरच्या हातात. सिस्टर मला कळवतीलच."

मालकांनी जाड तळाच्या बुटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बहुधा तेव्हाच त्यांना थोडंफार कळलं असावं. पण बाहत्तर वर्षांचा घाबरलेला माणूस कळलेल्या गोष्टीपेक्षा औषधावर जास्त विश्वास ठेवतो. पॉलिश होऊन बूट त्यांच्याकडे परत गेले, तेव्हा आत नववा थर होता.

ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी परतले. या वेळी फोटो नव्हते. प्रीमो खिडकीशी चामडं कापत होता. मालकांनी त्याला बाहेर जायला सांगितलं नाही, याचंच नाझ्झारेनाला आश्चर्य वाटलं.

"गेलो," ते बाकावर टेकत म्हणाले. "लाल चिखल. अर्ध्या वाटेत बसलो, मग एका म्हातारीनं हात धरून उठवलं. माझ्याहून म्हातारी होती."

"आणि लालाओ?"

"ती शाळेत जात नाही. बाजारात आईबरोबर तांदळाचे छोटे गोल पाव विकते. घरच्यांनी मला तिथंच धाडलं. मी खाली बसलो, तिचा पाय हातात घेतला, बूट चढवला."

नाझ्झारेनाचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. "झाला?"

"पुढे एक बोट जागा राहिली. तेवढी ठेवतात ना?"

"तेवढीच ठेवतात."

प्रीमोने कातर खाली ठेवली.

"ती चुलीपासून नळापर्यंत चालली आणि परत आली," मालक म्हणाले. "सरळ. मी म्हटलं, आता सोमवारपासून शाळा. ती हसली. बाजारात आलेल्या सिस्टरनं सांगितलं मला, ती काय म्हणाली ते. म्हणाली, माझा वर्ग पुढे गेला. आता मी लहान पोरांत कुठे बसू?"

एक वर्ष. चौदा जोडांच्या खोक्यात फलकाखाली कुजलेलं एक वर्ष.

मालकांनी छातीवर हात नेला. डोळे भरले होते, आणि या वेळी ते खरे असावेत. "नाझ्झा, ते खोकं... तुला सांगायचं होतं, मी..."

"ते मला सांगू नका."

"अगं, एकदा ऐकून तरी घे."

"ज्या पोरीला सांगायचं होतं, तिच्या पायाशी बसला होतात. तिला सांगितलंत?"

मालकांचा हात छातीवरून खाली आला. "नाही," ते म्हणाले.

"बूट काढा."

त्यांनी काढले. नाझ्झारेनाने डावा बूट उचलला, आत बोटं घातली, अस्तराची कड चाचपली. तिथं रापी घातली असती तर नऊ तुकडे एका झटक्यात बाहेर आले असते. प्रीमोने खिडकीशी बसून मान किंचित हलवली: काढ, बस झालं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मालकांच्या मोजे घातलेल्या पायांकडे पाहिलं. तिने बुटांवरचा लाल चिखल ओल्या फडक्याने पुसला, पॉलिश लावलं, ब्रश मारून चकचकीत केले आणि त्यांच्यापुढे ठेवले. जसे होते तसे.

"बरा होईल ना गं?"

"चालत राहा. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा जायचंय. तेव्हा बघू."

मालकांनी आणखी काही विचारलं नाही. काठी घेऊन ते उतारावर गेले, खांदा वर, खांदा खाली. वळणावर भिंत धरून थांबले. एका टेम्पोवाल्याने त्यांच्यासाठी गाडी थांबवली, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याचे आभार मानले. कारखाना होता तेव्हा त्यांनी कधी कुणासाठी हात वर केलेला कुणाला आठवत नव्हता.

"तू काही सोडत नाहीस," प्रीमो म्हणाला.

"नाही."

ती टेबलाशी आली. चामड्याच्या ढिगातून तिने एक मऊ तुकडा काढला, मऊ आहे हे दिसत होतं तरी गालावर घासून बघितला, आणि प्रीमोकडे सरकवला.

"लालाओच्या पुढच्या जोडाला अस्तर दुप्पट घाल," ती म्हणाली. "आता तिला दिवसभर बाजारात उभं राहायचंय."