चाखलेली चारं

अगं ऋचा, थांब ना, आधी ऐक तर! आणि वेदांग, तू मध्ये बोललास तर मी सांगणारच नाही.

तर परवा अक्षय तृतीया होती ना. आमच्याकडे त्या दिवशी आईच्या नावाची घागर भरतात. मातीची घागर, वर खरबूज, बाजूला पानावर जेवण, आंबा. सीझनचं नवीन फळ गेलेल्या माणसाला पहिले, मग घरच्यांनी खायचं. त्याच्या आधी कोणी तोंडात टाकायचं नाही. मागच्या वर्षी सगळं ओमतीच्या बाजारातून विकत आणलं, आणि मला सारखं वाटत राहिलं, यार, यातलं तिचं काहीच नाही. आईला आंबा आवडायचाच नाही! तिला चारं आवडायची. ती जंगलातली काळी, बारकी, बी फोडली की चारोळी निघते ना, ती. दर उन्हाळ्यात रांझीच्या मागच्या टेकडीवर मला घेऊन जायची.

मी घरी सांगून टाकलं, या वर्षी पानावर चारं पाहिजेत म्हणजे पाहिजेत.

मुरलीधरकाका, बाबांचे मोठे भाऊ, लगेच, "काहून? एकटी पोरगी उन्हात झाडाझुडपात कुठे जाऊन राहिली? आंबा आणला आहे ना!"

बाबा पेपर वाचत होते. नुसतं पुढचं पान उलटलं. आई गेल्यापासून ते असेच.

मी सायकल काढली आणि गेली!

आता चारं तोडायची म्हणजे काय, प्रत्येक झाडाचा एक दाणा खाऊन बघायचा. एक झाड गोड, तर बाजूचंच एकदम तुरट. आईनेच शिकवलेलं. हात आपोआप तोंडाकडे जातो यार. ओढणीची झोळी अर्धी भरल्यावर आठवलं, अरे, घागर तर भरायची आहे अजून, आणि मी आधीच खाऊन बसली!

घरी आली तर काका दारातच. "जीभ दाखव."

"काका, मी काय लहान आहे?"

"दाखव."

काळी-जांभळी!

"उष्टं करून आणलं! पानावर ठेवायचं नाही. टाकून दे बाहेर."

"नाही टाकणार," मी म्हटलं. "न चाखता आणली असती तर आईने मलाच परत पाठवलं असतं."

"हे पोचत नाही तिला."

"आणि आंबा पोचतो? मग मागच्या वर्षीपासून ती तिथे तोंड वाकडं करून बसली असेल!"

आत काकांचा मुलगा, आल्हाददादा, खुदकन हसला. काका लालभडक. मी त्यांच्यासमोर अजून एक दाणा खाल्ला, बी हातात काढली आणि झोळी सरळ पानावर रिकामी केली.  आणि जागची हलली नाही.

तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, संपलं, आता पान उचलणार. त्यांनी पानावरचाच एक दाणा उचलला, तोंडात टाकला, चावत राहिले.

"तुरट आहे गं," ते म्हणाले. "ती मोठ्या खडकाजवळच्या झाडाची आणायची."

"अरे, तू पण?" काका ओरडले.

"दादा, घागर थांबेल थोडी," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "चल. चप्पल घाल."