दिव्याच्या वासाचा आरा

डोळे मिटले तर वाचणार कसं, म्हणून ते उघडेच ठेवा. पण मनातल्या मनात मिटा. समजा, पौषातली सकाळ आहे आणि धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका लहान गावात, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुम्ही उभे आहात. धान कापून झालं आहे. त्याच ओलीवर टाकलेली लाखोळी आता फुलली आहे, निळी निळी, आणि तिच्यावर धुकं असं पसरलं आहे की फुलं कुठे संपली अन् आभाळ कुठे सुरू झालं, काही कळत नाही. त्या धुक्यात एक झाड दिसतं का? दिसेल, जरा थांबा. मोहाचं आहे. म्हातारं आहे. त्याची एक मोठी फांदी मोडून खाली लोंबते आहे. शेंडा जमिनीला टेकलेला आणि बूड अजून खोडाला चिकटलेलं. जिथे चिकटलं आहे तिथून खोडाला एक फाट पडली आहे आणि ती फाट रोज थोडी थोडी खाली उतरते आहे.

आता झाडाखाली बघा. स्वेटरवर आजीचा गमछा गुंडाळून एक मुलगी उभी आहे. ती फाटीला बोट लावून मोजते आहे. ती मोनाली.

मोनालीला त्या झाडाची काळजी लागली होती, आणि काळजीचं कारण होते तिचे बाबा, धनराज. आदल्या दिवशी जेवताना धनराज म्हणाला होता, "सारं झाडच काढून टाकतो आता. नाई तरी सावलीनं तिकडचं धान पोचटच राह्यते."

"एक फांदी मोडली म्हणून झाड कायले काढतं रे?" सोमाजी म्हणाले. सोमाजी म्हणजे मोनालीचे आजोबा. घरातले सारेच त्यांना आबा म्हणत.

"मंग फांदी कोन काढन? कुऱ्हाड मारली तं फाट आनखी खाली जाईन, हे तुमीच सांगतलं ना? बाजाराच्या दिवशी धानोऱ्याहून मशीनवाला येऊन राह्यला. तो एका फांदीसाठी थोडी येते! परवानगीचं मी पाहून घेतो."

"मशीन तं आपल्या घरीबी हाय."

धनराज हसला. हसताना घास अडकला आणि त्याला पाणी प्यावं लागलं. "ते? आबा, ते मशीन मी शाळेत होतो तेव्हापासून झोपून हाय!"

"झोपलं हाय, मेलं नाई."

"बरं, बोली करा," धनराज म्हणाला. "बाजाराच्या आधी ते सुरू झालं, तं फक्त फांदी काढीन. नाई झालं, तं झाड बी जाईन अन् मशीनबी भंगारात जाईन."

"ठरलं," सोमाजी बोलायच्या आतच मोनाली म्हणाली.

कोठीच्या कोपऱ्यातून ते मशीन बाहेर आलं तेव्हा कोणालाही वाटलं असतं की एखादं रानजनावर पोत्यात गुंडाळलं आहे. साखळीचा आरा होता तो. शहरात त्याला चेनसॉ म्हणतात. सोमाजी सरकारी लाकूड डेपोत आरा चालवायचे. डेपोने जुनी यंत्रं लिलावात काढली तेव्हा त्यांनी आपलंच मशीन विकत घेऊन सायकलीला बांधून घरी आणलं होतं. तेव्हा ते लाल होतं. आता त्याचा रंग वाळक्या पळसाच्या फुलासारखा झाला होता.

मोनाली लगेच दोरी धरायला गेली. सोमाजींनी तिचा हात बाजूला केला.

"आधी हे पाह्य." त्यांनी मुठीजवळचं एक लहान लाल बटण दाखवलं. "हे दाबलं की मशीन थांबते. जो थांबवाले शिकला नाई, त्यानं सुरू कराची गोष्ट काढूच नये. दाब."

"पन ते तं बंदच हाय, आबा."

"तरी दाब. बोटाले माहीत पायजे."

मोनालीने बटण दाबलं. डोळे मिटून दाबलं, डाव्या हाताने दाबलं, पाठीमागे उभी राहून दाबलं. मग सोमाजींनी साखळी काढली. तिचे दात अजून चावरे होते. आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून त्यांनी ती मोनालीच्या हाती दिली. "हे मशीनचे दात. सुरू होईपर्यंत तुयापाशी. मंग मी मागीन तवाच द्याचे."

मोनालीने गाठोडं मांडीवर घेतलं. ते तान्ह्या पोरासारखं जड होतं.

"मशीनले तीनच गोष्टी लागतेत," सोमाजी म्हणाले, "आग, हवा अन् खानं. माणसासारखंच हाय."

पहिल्यांदा त्यांनी आग शोधली. प्लग काढला, पॉलिशपेपरने घासला, वायरला जोडून मशीनच्या अंगाला टेकवला. मोनालीने कोठीचं दार ओढून अंधार केला आणि सोमाजींनी दोरी जेमतेम वीतभर ओढली. अंधारात एक ठिणगी चमकली. निळी, अगदी लाखोळीच्या फुलाएवढी.

"जागं हाय!" मोनाली कुजबुजली.

मग हवा. हवेच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, रिकामं, अंगठ्याएवढं. मोनालीने ते अलगद काढून खिडकीत ठेवलं. माशी परत आली तर तिला सापडायला हवं. शेवटी खाणं. सोमाजींनी कार्बोरेटर उघडून बारीक तारेने त्याची छिद्रं साफ केली, आणि पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळून टाकीत ओतलं. आता तिन्ही गोष्टी होत्या. आग होती, हवा होती, खाणं होतं.

पण मशीन उठेना. सोमाजींचा उजवा खांदा वर जात नसे. ते डाव्या हाताने ओढत. दोरी जायची आणि यायची, आत काहीतरी घुर्र करायचं आणि पुन्हा कूस बदलून झोपायचं. दुपार झाली. सोमाजींच्या कपाळावर पौषात घाम आला.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. त्यांनी टाकीतलं पेट्रोल परत बाटलीत काढलं, बाटली लांब नेऊन ठेवली आणि आत जाऊन पडले.

उद्याच बाजार होता. मोनालीने मशीनला हात लावून पाहिला. ते थंडगार होतं, नदीतल्या दगडासारखं. थंडी वाजत असेल याला, असं तिला वाटलं. तिने ते ओढत ओढत अंगणात धानाच्या तणसीच्या ढिगाशी नेलं, उन्हात ठेवलं, साखळीचं गाठोडं पोटाशी धरलं आणि शेजारी लवंडली. तणस ऊबदार होती. होले घुमत होते. मोनालीचे डोळे जड झाले.

आणि मग, स्वप्न म्हणा हवं तर, ती पुन्हा मोहाच्या झाडाखाली होती. झाडाच्या प्रत्येक फांदीवर दिवा लावलेला होता. हजारो दिवे, आणि एकही हलत नव्हता. झाडाच्या बुंध्याशी लाल आरा बसला होता, पाय पोटाशी घेऊन, पाहुण्यासारखा. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. पण आवाज फुटत नव्हता. मोनालीने कान त्याच्याजवळ नेला. "गळ्यात," आरा म्हणाला, "गळ्यात लोणी अडकलंय." आणि साऱ्या दिव्यांचा वास एकदम तिच्या अंगावर आला.

ती जागी झाली. दिवे नव्हते. वास मात्र तसाच होता.

मोनालीने तणस हुंगली, गाठोडं हुंगलं. मग मशीन हुंगलं. उन्हाने ते गरम झालं होतं आणि टाकीच्या उघड्या तोंडातून पिवळसर, जाड थेंब तणसीवर ओघळत होते. हा वास तिच्या जन्मापासून ओळखीचा होता. संध्याकाळच्या दिव्याचा होता, हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना आजी चोळते त्याचा होता. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल!

"आजी!" ती ओरडली. "आबा! मशीनमंधी दिव्याचं तेल हाय!"

रंभाआजी सूप हातात घेऊनच बाहेर आली. तिने थेंब बोटावर घेतला, हुंगला आणि मग तिचा चेहरा दूध उतू जाताना पाहिल्यासारखा झाला.

"ते तं मीच टाकत होती," ती म्हणाली.

सोमाजी दारात उभे होते. "तू? कायले?"

"तुमीच नाई का सांगतलं? मशीन आनलं त्या दिवशी म्हणाले, रंभा, याच्या तेलापान्याकडे लक्ष ठेवजो. मी ठेवलं. दरसाली दिवाळी झाली की आपल्या मोहाच्या टोरीचं नवं तेल एक पळी याच्या तोंडात. पानी नाई टाकलं बापा, म्हटलं जंग लागन."

 सोमाजी तिथेच उंबरठ्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे तर घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत. कोठीच्या गारव्यात ते टाकीच्या तळाशी आणि आतल्या बारीक नळीत पांढरं होऊन बसलं होतं. आबांच्या अधू नजरेला ते दिसलं नव्हतं आणि पेट्रोलला पुढे वाट मिळाली नव्हती.

"हसून काय राह्यले? बिघडवलं ना मी?" आजी म्हणाली.

"बिघडवलं बी अन् वाचवलं बी," सोमाजी टाकीत बोट फिरवत म्हणाले. "पाह्य, एक ठिपका जंगाचा नाई."

नळी गरम पाण्यात बुडवली तेव्हा तिच्यातून शेवयीसारखी पांढरी तार निघाली. मोनालीने टाकी पेट्रोलने विसळली, पुन्हा विसळली. ऊन उतरायच्या आत तिघं मशीन घेऊन मोहाखाली पोचले. सोमाजी मशीन, आजी बाटली आणि मोनाली दात, अशी ती वरात होती. धनराज पलीकडे धुऱ्याचं भोक बुजवत होता. तो फावडं खांद्यावर टाकून आला.

"काय, जत्रा हाय का?"

"बाबा, तू ओढ," मोनाली म्हणाली. "आबाचा खांदा वर जात नाई."

"म्हंजे माह्याच हातानं मी हरावं?" धनराज म्हणाला, पण फावडं त्याने खाली ठेवलं. सोमाजींनी टाकीत पेट्रोल ओतलं, मशीन जमिनीवर पायाने दाबून धरलं आणि चोक ओढला. धनराजने दोरीला हिसका दिला. काही नाही. दुसरा हिसका. मशीन खोकलं. सोमाजींनी चोक अर्धा आत ढकलला. "आता मनापासून ओढ रे. सासुरवाडीले गेल्यावानी नोको."

धनराजने दातओठ खाऊन ओढलं.

टर्रर्रर्र! होल्यांचा थवा मोहावरून उडाला. मशीन पायाखाली थरथरलं, घसा साफ केला आणि गायला लागलं. पांढऱ्या धुराचा एक मोठा ढग निघून लाखोळीवर सांडला. त्या धुराला दिव्याचा वास होता. रंभाआजीने सवयीने हात जोडले. सोमाजींच्या पायाला मशीनची थरथर लागत होती आणि ती हळूहळू त्यांच्या चेहऱ्यापर्यंत चढत होती.

"आबा!" धनराज ओरडला. त्याचे डोळे चमकत होते. "हा तं वाघ हाय, वाघ! द्या ती साखळी इकडे! फांदी कायले, उद्या सारं झाडच आडवं करतो! मशीनवाल्याचं कामच नाई!"

सोमाजी काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हललेले दिसले. पण शब्द आवाजात बुडून गेले. त्यांचा चेहरा मात्र विझला, ते मोनालीने पाहिलं.

तिला विचार करावा लागला नाही. बोटाला माहीत होतं. ती आबांच्या मागून वाकली आणि तिने लाल बटण दाबलं.

इतकी शांतता झाली की दूरच्या झाडावरून गळणारं पान ऐकू यावं. धूर हळूहळू फुलांत मुरत होता.

"काऊन बंद केलं?" धनराज म्हणाला.

"बोली काय झाली होती, बाबा?"

"अवं, पन सावली..."

"सावलीत बसून रोज डबा कोन खाते रे?" रंभाआजी म्हणाली. "मी?"

धनराजने वर पाहिलं. फाट पाहिली, फाटीच्या वरच्या शाबूत फांद्या पाहिल्या, मग पायाशी अजून गरम असलेलं ते म्हातारं मशीन पाहिलं. त्याने मान खाजवली. साखळीसाठी हात पुढे केला आणि पुटपुटला, "बरं. एक फांदी."

मोनालीने गाठोडं पाठीमागे लपवलं.

"मोठ्यानं म्हन. मशीनले कमी ऐकू येते."

आता सोमाजी हसले. धनराजही हसला, लाजल्यासारखा. मग त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि साऱ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडला, "एकच फांदी!"

जंगलाने ते शब्द एकदा परत पाठवले. "मागतो बापा आता मशीनचे दात," सोमाजी म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मोनाली तिथेच मांडी घालून बसली, फडकं पुढ्यात घेतलं आणि दाताने तिने त्याची गाठ सोडली.