चव्वेचाळीस इंच

माप देताना पोट आत ओढून धरणाऱ्या बायका मला मुळीच चालत नाहीत. मी स्पष्ट सांगते, श्वास सोडा, टॉप तुम्हाला घालायचाय, तुमच्या हौसेला नाही. चोवीस वर्षं मी क्रोशावर मापाप्रमाणे कपडे विणून देतेय. शिवलेल्या कपड्यात दोन बोटं शिलाई दाबून ठेवता येते, पुढेमागे उसवून वाढवता येतं. क्रोशात ती सोय नाही. पहिली साखळी घातली की घेर ठरला. चुकलं तर सगळं उसवा आणि बसा पुन्हा पहिल्यापासून.

मापाचं हे वेड आमच्या घरातलंच. वडील मालधक्क्यावर वजनकाट्याशी बसायचे. मापात पाप करणाऱ्याच्या हातचं पाणीही पिऊ नये, असं ते जेवताना सुद्धा ऐकवायचे. मी फीत हातात घेतली आणि धाकट्या बहिणीने मीटरपट्टी. ती एका मोठ्या दुकानात कापड मोजून कापायची, अठ्ठावीस वर्षं. त्याआधी दुकानाने तिला तयार कपड्यांकडे बसवलं होतं, पण ती तिथे टिकली नाही. तिथल्या मुली गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करायच्या आणि मागून जास्तीचं कापड मुठीत धरायच्या. पुढून कपडा कसा छान अंगासरसा दिसायचा. बाई खूश होऊन घरी जायची आणि घरी गेल्यावर कळायचं की आपण पोतं आणलंय. धाकटीने मॅनेजरला सांगितलं, मी मूठ धरणार नाही. त्याने तिला कापडाच्या ठाणांमागे धाडलं, आणि ती तिथे सुखाने उभी राहिली.

उन्हाळा तोंडावर आला तशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, जगाला टॉप करून देतेस, मला कधी देणार? बिनबाह्यांचा कर. दुकानातला पंखा गिऱ्हाइकांच्या डोक्यावर असतो, आमच्या नाही."

तिने लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या सुताच्या लडी आणल्या होत्या. एक लड गळ्याशी धरून आरशात बघितलं. "रंग उठतोय. पिवळ्याचं हे असंच, तोंडावर पडतो. गोऱ्या बायका घाबरतात, मला काय!"

मी फीत लावली. छाती चव्वेचाळीस इंच. वहीत तारीख घालून लिहिलं. नमुन्याचा चौकोन विणला, धुतला, वाळवला, मग मोजला, कारण सुती दोरा पहिल्या पाण्यात आटतो. इंचाला पाच खांब, क्रोशाचे उभे टाके, बसत होते. म्हणजे दोनशे वीस.

"दोनशे वीस खांब!" मी म्हणाले. "ढब्बे, तुझ्यासाठी टॉप विणायचाय की मांडव घालायचाय?"

ढब्बी हे तिचं लहानपणापासूनचं नाव, मीच ठेवलेलं. ती हसली आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. आमचं प्रेम हे असंच होतं, टोमण्यांनी चालणारं. गोड बोलायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

दोन आठवड्यांनी घेर काखेपर्यंत आला, तेव्हा तिला घालून बघायला बोलावलं. सैल. दोन्ही बाजूंना बोटभर जास्तीचा. मला माझाच राग आला. हात सैल पडला असणार, आताशा अंगठा दुखतो, त्यामुळे दोरा नीट ताणला जात नाही. पुन्हा फीत लावली तर बेचाळीस.

"तुझी फीत म्हातारी झालीय," धाकटी म्हणाली. "कापडी फिती ताणतात. ताणलेली फीत माप कमी दाखवते, हे मी तुला सांगायला हवं का?"

पटलं मला. तिच्या दुकानातल्या फिती दर वर्षी बदलतात, माझी सात वर्षांची. मी नवी फीत आणली. सगळं उसवलं, दोरा खुर्चीच्या पाठीला गुंडाळला, ओला करून वजन लावून टांगला, म्हणजे त्याचे वळसे जातील. पुन्हा साखळी घातली, हात सैल पडतो म्हणून दहा कमी, दोनशे दहा.

नव्या फितीने पुढचं माप आलं साडेचाळीस.

आता फितीला दोष देता येत नव्हता. मी धाकटीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तिच्या ब्लाउजाचे हूक आतल्या काजांवर गेले होते. हनुवटीखालची वळी गेली होती.

"काय गं, खाणं कमी केलंस?"

"भूकच नाही या उकाड्याने. दोन घास खाल्ले की पोट भरतं. आणि पाठ भरून येते उभं राहून."

मग मी काय म्हणावं? मी, तिची थोरली बहीण, जिने तिचं प्रत्येक माप वहीत लिहिलं होतं? मी म्हणाले, "बरी दिसायला लागलीस हो. तीस वर्षं कानीकपाळी ओरडले, शेवटी उन्हाने ऐकलं माझं."

ती इतकी खूश झाली की आरशापुढे एक गिरकी घेतली. ती गिरकी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बायको बारीक होतेय म्हणून तिच्या घरीही कौतुकच चाललं असेल, असं मला वाटलं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. उंच माणूस, दिवसभर डोळ्याला भिंग, तोंडाला कुलूप. क्रोशात एक टाका असतो, त्याला मुका खांब म्हणतात. मी माझ्या मेहुण्यांचं तेच नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

मी पुन्हा उसवलं. आता दोऱ्याला लव सुटायला लागली होती. सुताला तरी किती छळायचं? पण चुकीच्या मापाचा टॉप मी बहिणीला दिला असता तर वडील स्वप्नात येऊन ओरडले असते.

चौथ्या वेळी ती आली ती मेहुण्यांबरोबर. एकोणचाळीस. खिडकीखालच्या खुर्चीत ती बसली, मांडीवर अर्धा टॉप आणि उरलेल्या लडी. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "तोंड बघ कसं पिवळं दिसतंय. तुझा रंग खरंच पडतो बाई तोंडावर."

"सांगितलं होतं ना?" ती म्हणाली. "दुकानात पण सगळ्या म्हणतात, पिवळी दिसतेस. मी म्हटलं, दिवसभर मागे हळदी रंगाचं ठाण असतं, दुसरं काय होणार?"

आम्ही दोघी हसलो. दोघी कापडातल्या, दोघींना रंगातलं सगळं कळत होतं.

मेहुणे उठले. त्यांनी तिच्या मांडीवरून टॉप उचलला, लडी उचलल्या, सगळं माझ्या पिशवीत भरलं आणि पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. मग परत आले, तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. घड्याळ उघडताना धरतात तितक्या हलक्या हाताने.

"ताई," ते म्हणाले, "आता बघा. सूत नाहीये आता. डोळे बघा तिचे."

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता. लिंबाच्या सालीसारखा.

तपासण्या झाल्या, आणि आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. स्वादुपिंडात गाठ होती, आणि ती तिथेच थांबलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय, काही अंदाज?" धाकटी म्हणाली, कोण वजन करतंय? मेहुणे म्हणाले, उन्हाळ्यात कधीतरी. मी पिशवीतून वही काढली आणि डॉक्टरीणबाईंपुढे उघडून ठेवली. चव्वेचाळीस, बेचाळीस, साडेचाळीस, एकोणचाळीस. प्रत्येकापुढे तारीख. त्यांनी ते चारही आकडे स्वतःच्या कागदावर उतरवून घेतले.

"फार व्यवस्थित नोंद ठेवलीय तुम्ही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण तसं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये. घरी येऊन मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडले. सहा आठवडे तिचा आजार माझ्या फितीवर आकड्यांनी लिहून येत होता. मी अंगठ्याला दोष दिला, फितीला दिला, आणि मग तिचं अभिनंदन केलं. पहिल्याच खेपेला गेलो असतो तर वाचली असती का, हे मी डॉक्टरीणबाईंना कधीच विचारलं नाही. त्या हो म्हणाल्या असत्या तर?

दुसऱ्या दिवशी मी वही-फीत घरी ठेवून तिच्याकडे गेले. ती पलंगावर पडून होती.

"टॉप कुठाय?" तिने विचारलं.

"राहू दे गं आता टॉप."

"का राहू दे? सूत मी आणलंय. ऐक, आता पुन्हा माप घेऊ नकोस आणि उसवाउसवी पुरे. पहिल्या मापाचा कर, चव्वेचाळीसचा. औषधं लागू पडली की अंग भरेलच. तेव्हा पुन्हा उसवत बसणार आहेस का?"

तिचा त्यावर खरंच विश्वास होता का माझ्यासाठी बोलत होती, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. पण कमी मापाचा टॉप विणणं म्हणजे तिच्या तोंडावर सांगणं होतं की तू भरणार नाहीस. मी शेवटचं उसवलं. दोनशे वीस साखळ्या घातल्या आणि तिच्या पलंगाशी बसूनच विणायला घेतलं. दुपारी ती डोळे मिटून पडायची आणि मधेच विचारायची, कितवी ओळ? मी सांगायची. एकदा मी टाके मोजायला चुकले, तर मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "आवाजावरून कळतंय, तू अडलीस." मेहुणे दुकान बंद ठेवून घरी बसायचे. एक शब्द नाही. तिला पाणी पाजायचं, उशी नीट करायची आणि पुन्हा स्टुलावर. त्या मुक्या खांबावर अख्खं घर उभं होतं, आणि मी इतकी वर्षं त्याची टिंगल केली.

उन्हाळा सरत आला तेव्हा टॉप पुरा झाला. गळ्याला बारीक कंगोरे, खांद्याला सुताच्याच गुंडाळ्यांची बटणं. धुतला, सपाट वाळवला. माझ्या हातून इतकी एकसारखी वीण कधी उतरली नव्हती.

"घाल," ती म्हणाली. "आणि मला आरशापुढे उभी कर."

मेहुण्यांनी तिला उठवलं. मी टॉप डोक्यावरून घातला. फीत लावायची गरजच नव्हती, माझे हात मापाचेच झालेत. चौतीस, फार तर. काखा कमरेपर्यंत लोंबत होत्या, गळा एका खांद्यावरून घसरत होता. ती अजून खाली बघत होती, पाय सांभाळत. मेहुण्यांनी तिला कपाटाच्या आरशाकडे वळवलं आणि एका बाजूने धरून ठेवलं.

ती वर बघायच्या आत मी तिच्या मागे गेले आणि पाठीवरचं सगळं सूत गोळा करून मुठीत धरलं. दहा इंच. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने आरशात बघितलं. पुढून टॉप कसा छान अंगासरसा बसला होता. तिने गळ्यावरून बोट फिरवलं, एका बाजूने वळून बघायला गेली, पण थांबली. माझ्या मुठीचा ताण तिला पाठीवर लागत असणारच. अठ्ठावीस वर्षं कापडात काढलेली बाई ती. आरशात तिची नजर माझ्या नजरेला मिळाली, आणि मी खाली बघितलं.

"बसला," ती म्हणाली. "अगदी मापाचा."

ती बराच वेळ बघत राहिली. मेहुणे भिंतीकडे बघत होते.

"हात भरून आला की सांग, ताई," ती म्हणाली.

मी मुठीला दुसरा हात लावला.